छापील जबडा आणि वाकलेली प्लेट : खानदेशातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

फेब्रुवारीच्या अखेरीस चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून सव्विशीतली एक बाई आमच्याकडे जळगावला आली. सोबत नवरा आणि सासू होती. (ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र बदललेला नाही.) ती केळीच्या बागेत मजुरीला जायची. खोलीत शिरल्यापासून पदर उजव्या गालावर होता आणि बोलतानाही तिने तो सोडला नाही. सासूनेच सांगितलं, "तीन वरीस झाले, बाई. पहिले दात हालले."

सुरुवातीला दाढ दुखते म्हणून गावाजवळ दोन दाढा काढल्या होत्या. त्या जागची सूज काही उतरली नाही. मग लेप झाले, गोळ्या झाल्या आणि मधल्या काळात एक बाळंतपणही झालं. दुखत नव्हतं म्हणून थांबणं सोपं गेलं. या आजाराची ही लबाडी मी अनेकदा पाहिली आहे. तो दुखत नाही, त्यामुळे घरात त्याचा नंबर शेवटी लागतो.

जबड्याच्या एक्स-रेमध्ये उजवीकडे साबणाच्या फेसासारखे पोकळ कप्पे दिसले. पुढच्या उपदाढेपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत हाड फुगून आतून पोखरलं होतं. काही ठिकाणी बाहेरची भिंत अंड्याच्या टरफलाइतकी पातळ झाली होती. बायोप्सीचा अहवाल आला : अमेलोब्लास्टोमा. दात घडवणाऱ्या पेशींपासून उगवणारी ही गाठ कर्करोगासारखी शरीरभर सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी हाड खात जाते आणि अर्धवट काढली तर परत येते. कधी कधी ती पुष्कळ वर्षांनी परतते.

तिचा पहिला प्रश्न गाठीबद्दलचा नव्हताच. "मनं तोंड पयलेसारखं व्हई का?" (माझं तोंड पहिल्यासारखं होईल का?) एवढंच तिने विचारलं. आम्हाला नेमकं काय साधायचं आहे, ते त्या एका वाक्यात होतं. गाठ काढणं हे अर्धंच काम होतं.

अडचण

गाठीच्या दोन्ही बाजूंना एक ते दीड सेंटीमीटर निरोगी हाड धरून काढायचं म्हटलं, तर उजव्या जबड्याचं साधारण ८ सेंटीमीटर हाड जाणार होतं. मागचा सांध्याचा भाग आणि पुढची हनुवटी राहणार होती. मधला पूल नव्याने बांधावा लागणार होता.

खालचा जबडा हे चेहऱ्यातलं एकमेव मोठं हलणारं हाड. दोन्ही कानांपुढच्या सांध्यांत ते एकाच वेळी अडकलेलं असतं. मधला तुकडा काढला की उरलेली दोन टोकं स्नायूंच्या ओढीने आपापल्या दिशेला जातात. टोकं मूळ जागी धरून ठेवणारी टायटॅनियमची रिकन्स्ट्रक्शन प्लेट एक-दोन मिलीमीटर चुकली, तरी वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत. दोन मिलीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दातांमध्ये तेवढं अंतर पडलं की भाकरीचा घास तुटत नाही.

एरवी अशी प्लेट ऑपरेशन टेबलवर हाडालाच लावून वाकवतात. इथे ते जमणारं नव्हतं, कारण हाड बाहेरच्या बाजूला फुगलं होतं. त्या फुगवट्यावर प्लेट वाकवली असती तर गाठ गेल्यावरही गाल फुगलेलाच राहिला असता. गाठ काढल्यावर वाकवायची म्हटलं, तर ज्यावर बेतायचं ते हाडच उरत नाही. मग अंदाजावर काम येतं, आणि अंदाज चुकला की प्लेट पुन्हा सरळ करून पुन्हा वाकवावी लागते. टायटॅनियमला अशी मागेपुढे वाकवणी मानवत नाही. त्याच जागी ते कमजोर होतं आणि काही महिन्यांच्या चावण्यानंतर तिथेच तुटू शकतं.

पर्याय

गाठीसाठी चार पर्याय घरच्यांसमोर ठेवले.

पहिला, गाठ आतून खरवडून काढायची. चेहरा वाचतो आणि रुग्ण दोन दिवसांत घरी जातो. पण या प्रकारच्या अमेलोब्लास्टोमात खरवडल्यानंतर गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. नवऱ्याला हाच पर्याय हवा होता. त्याच्या मनात खर्च नव्हता, भीती होती. हा पर्याय नाकारताना मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला.

दुसरा, हाड काढून नुसती प्लेट बसवायची. खाली हाड नसलेली प्लेट तरुण माणसाच्या चावण्याला फार वर्षं पुरत नाही. तिसरा, कमरेच्या हाडाचा तुकडा रक्तवाहिनीशिवाय बसवायचा. सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंतच्या खंडाला, म्हणजे हाड काढल्यावर पडणाऱ्या मोकळ्या जागेला, तो चालतो. त्यापुढे तुकडा जिवंत राहील याची खात्री कमी होत जाते, आणि आमचा खंड ८ सेंटीमीटरचा होता.

चौथा पर्याय म्हणजे पायातली फिब्युला, नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून जबड्यात बसवायची आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. रक्तवाहिनीसह फिब्युला दुसरीकडे नेण्याचं काम इअन टेलर यांनी १९७५ मध्ये मांडलं. जबड्यासाठी ते हाड वापरण्याची पद्धत डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. आज मोठ्या खंडासाठी बहुतेक ठिकाणी हाच पहिला विचार असतो. त्यातली अडचण एवढीच की फिब्युला सरळ असते आणि जबडा वाकडा. तिचे तुकडे पाडून, पाचर काढून, कोन साधून जबडा घडवावा लागतो, आणि हे सगळं रक्तपुरवठ्याला धक्का न लावता.

सासूने विचारलं, "पायनं हाडूक काढशात, मंग ती चालई का?" शरीराचा बहुतेक भार नडगीचं मोठं हाड पेलतं. फिब्युलाचा गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा सहा-सात सेंटीमीटरचा भाग ठेवला की सांधे स्थिर राहतात. हे तोंडी सांगितलं, पण तिला पटलं नाही. पटलं ते पुढे, हाडं तिच्या हातात दिल्यावर.

शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी तीन वाटा होत्या. जुन्या पद्धतीने टेबलवरच सगळं बेतायचं. मोठ्या शहरातल्या कंपनीकडून रुग्णाच्या मापाची प्लेट आणि कापण्याचे साचे करून घ्यायचे. किंवा सीटी स्कॅनवरून जबड्याचं मॉडेल इथेच थ्रीडी प्रिंटरवर छापून त्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवायची. कंपनीचा खर्च कुटुंबाला झेपणारा नव्हता. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया बसत होती, पण असा साचा वेगळा धरलेला नव्हता. टेबलवर बेतण्याचा धोका वर सांगितलाच आहे. तिसरी वाट घेतली. धुळ्याकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रिंटर होता, आणि तिथले सर आणि दोन विद्यार्थी मनापासून तयार होते.

पहिलं मॉडेल आणि जुना स्कॅन

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल त्यांना आणि अॅलन कॉरमॅक यांना मिळालं. चार्ल्स हल यांना थरावर थर चढवून वस्तू घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं. आमचं काम या दोन गोष्टींच्या सांध्यावर उभं होतं : स्कॅन शरीराचे काप पाडतो आणि प्रिंटर काप रचून शरीर परत उभं करतो. काप जाड असले तर प्रिंटर जाडच रचणार, हे त्यातच आलं. मला ते माहीत होतं. तरीही पहिला स्कॅन मी तसाच पुढे पाठवला.

रुग्णाकडे तीन आठवड्यांपूर्वीचा एक स्कॅन होता, निदानासाठी काढलेला. त्याचे काप ५ मिलीमीटरचे होते. शिवाय दातांच्या धातूच्या टोपीमुळे चित्रावर पडणारे ओरखडे टाळायला यंत्राची कमान तिरकी करून तो काढला होता. डोळ्यांनी वाचायला तो पुरेसा होता. मॉडेलसाठी मात्र दोन्ही गोष्टी घातक ठरल्या. जाड कापांमुळे जबड्याच्या कडेला पायऱ्या आल्या. तिरकेपणाची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये न झाल्याने सगळा आकार एका बाजूला सरकला, पत्त्यांचा गठ्ठा ढकलावा तसा.

पहिल्यांदा पाहताना ते लक्षात येत नव्हतं. पांढरंशुभ्र, हातात मावणारं मॉडेल पाहून खोलीतले सगळे खूश झाले. आमच्या डेंटल लॅबच्या तंत्रज्ञ दादांनी व्हर्नियर कॅलिपर काढला आणि डाव्या, निरोगी बाजूची उंची मोजली. रुग्णाच्या एक्स-रेवरून आणि दातांच्या प्लास्टरच्या ठशांवरून येणाऱ्या मापांशी ती जुळेना. ते मॉडेल बाजूला ठेवलं.

आता प्रश्न होता, स्कॅन पुन्हा करायचा का? त्यात पुन्हा किरणोत्सर्ग आणि पुन्हा पैसे होते. सेंटरला फोन करून विचारलं की त्याच स्कॅनचे पातळ काप मिळतील का. ते मिळू शकले असते. सीटीच्या कच्च्या डेटावरून पातळ काप नव्याने बनवता येतात, रुग्णाला पुन्हा यंत्रात झोपवावं लागत नाही. पण कच्चा डेटा यंत्रावर थोडेच दिवस राहतो, मग पुसला जातो. आम्ही उशिरा विचारलं होतं. दुसरा स्कॅन करावा लागला. या निर्णयाबद्दल मला शंका नाही, खंत आहे. पहिल्या भेटीत एक फोन केला असता तर तो टळला असता.

दुसरा स्कॅन कमान सरळ ठेवून, ०.६२५ मिलीमीटरच्या कापांनी झाला. त्याच दिवशी दोन्ही पायांच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅनही करून घेतला, कारण काही लोकांत पावलाला रक्त मुख्यतः फिब्युलाच्या रक्तवाहिनीनेच पोहोचतं. अशा माणसाची फिब्युला काढली तर पाऊल धोक्यात येतं. तिच्या दोन्ही पायांत तिन्ही रक्तवाहिन्या चांगल्या होत्या.

दुसरं मॉडेल

स्कॅनची फाइल महाविद्यालयात पाठवण्याआधी तिचं नाव, गाव, जन्मतारीख काढून टाकली. विद्यार्थ्यांना फक्त एक क्रमांक माहीत होता. थ्रीडी स्लायसर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हाड वेगळं केलं. ठरावीक घनतेच्या वरचं सगळं हाड म्हणून घ्या, असं यंत्राला सांगितलं की जाड हाड नीट उमटतं, पण गाठीने पातळ केलेल्या भिंती गायब होतात. पडद्यावर उजव्या गालात भोकंच भोकं दिसू लागली. विद्यार्थी ती हाताने बुजवत बसले होते. मी त्यांना थांबवलं. जो भाग आपण काढूनच टाकणार आहोत तो सुंदर करण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी डाव्या जबड्याचं आरशातलं प्रतिबिंब उजवीकडे बसवायचं ठरलं.

इथे एक बारीक निर्णय घ्यावा लागला. कोणाचाच चेहरा दोन्हीकडे अगदी सारखा नसतो. उलटवलेली डावी बाजू तिच्या उजव्या सांध्याकडच्या हाडाशी दोन-तीन मिलीमीटरने जुळत नव्हती. सरांचं म्हणणं होतं की पूर्ण प्रतिबिंबच वापरावं, म्हणजे चेहरा सममित येईल. मी आग्रह धरला की तिची स्वतःची टोकं, म्हणजे मागचा सांध्याचा भाग आणि पुढची हनुवटी, जशी आहेत तशीच ठेवायची आणि मधला पूल तेवढा प्रतिबिंबातून घ्यायचा. प्लेटचे स्क्रू शेवटी त्या खऱ्या टोकांतच बसणार होते. दिसण्याआधी सांधा महत्त्वाचा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आणखी दोन खबरदाऱ्या तेव्हा घेतल्या, त्या उपयोगी पडल्या. प्रिंटरला जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एककच नसतं, नुसते आकडे असतात. ते मिलीमीटर आहेत की इंच, हे पुढचा माणूस धरून चालतो. म्हणून मॉडेलच्या शेजारी ठीक २० मिलीमीटरचा एक ठोकळा छापायला लावला. दुसरं, फाइलच्या रूपांतरात डावं-उजवं उलटण्याची भीती असते, म्हणून जबड्याच्या मागच्या, सांध्याकडे चढणाऱ्या उजव्या फांदीवर 'उ' हे अक्षर हाडातच कोरलं.

पहिल्या छपाईत रात्री वीज गेली. प्रिंटर पुन्हा सुरू झाला, पण त्या थरावर जबडा अर्धा मिलीमीटर सरकलेला दिसत होता. विद्यार्थ्यांनी कोणी न सांगता तो टाकून दिला, यंत्र इन्व्हर्टरवर घेतलं आणि नव्याने छापलं. पूर्ण व्हायला रात्र गेली. साहित्य होतं पीएलए, मक्यासारख्या पिकांपासून बनणारं स्वस्त प्लास्टिक. जबडा आणि दोन फिब्युला मिळून दोनशे ग्रॅमसुद्धा लागलं नाही.

मे महिन्यातली गाडी

मॉडेल धुळ्याहून जळगावला आणायचं होतं. मेचा दुसरा आठवडा होता, बाहेर ४४ अंश. गाडी सकाळी निघाली, वाटेत दुसऱ्या कामासाठी थांबली आणि दुपारी दोनेक तास काचा बंद करून उन्हात उभी राहिली. मॉडेल पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. खोक्यावर कोणाची तरी सामानाची पिशवी होती.

पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. खानदेशातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं. हे दोन्ही मला वेगवेगळं माहीत होतं, पण दोन्ही एकत्र कधी मनात आलं नव्हतं.

मॉडेल संध्याकाळी हातात आलं. स्वच्छ, गुळगुळीत, पायऱ्या नाहीत, 'उ' जागेवर. ठोकळा मोजला, २० मिलीमीटर. पण जबडा मोजला नाही. छपाईनंतर महाविद्यालयात सगळी मापं जुळली होती, म्हणून पुन्हा मोजण्याची गरज वाटली नाही. त्याच रात्री मी आणि तंत्रज्ञ दादांनी टायटॅनियमची प्लेट त्यावर वाकवली. ती इतकी छान बसली की मी तिचे फोटो काढले.

दोन दिवसांनी, ऑपरेशनच्या आदल्या सकाळी, दादा कापण्याचे साचे बनवत होते. त्यांनी सवयीने दोन्ही सांध्यांमधलं अंतर मोजलं. पडद्यावरच्या मापापेक्षा ते ४ मिलीमीटर कमी भरलं. त्यांनी तीनदा मोजलं आणि मग मला फोन केला. जबड्याच्या मागच्या दोन फांद्या उष्णतेने आणि वरच्या पिशवीच्या वजनाने आत झुकल्या होत्या. प्लेट त्या झुकलेल्या फांदीवर तंतोतंत बसत होती, म्हणजे तंतोतंत चुकीची होती.

रुग्ण भरती झालेली. सासू बाहेर बाकावर बसलेली. प्लास्टिक सर्जन सहकारी नाशिकहून रात्री निघणार होते. तीन वाटा होत्या. ही प्लेट टेबलवर थोडी उघडून बसवायची. जुन्या पद्धतीने अंदाजावर काम करायचं. किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलायची.

पहिल्या वाटेची ओढ मोठी होती. चारच मिलीमीटर होते. पण वाकवलेली प्लेट परत उघडणं म्हणजे तिला त्याच जागी कमजोर करणं. आणि सांध्यांमधलं अंतर कमी झालंय एवढंच आम्हाला समजलं होतं. फांदी नुसती आत झुकली की पिळलीसुद्धा, हे कळत नव्हतं. कितीने चुकलंय हे माहीत नसताना दुरुस्त काय करणार? शस्त्रक्रिया नऊ दिवस पुढे ढकलली.

हे घरच्यांना मीच सांगितलं. मशीन बिघडलं, तारीख मिळाली नाही, असं काही सांगता आलं असतं. मी ते वाकडं मॉडेल आणि ती प्लेट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. नवरा काही बोलला नाही. मजुरीचे नऊ दिवस बुडणार होते, तान्हं मूल गावी आजीकडे होतं. रागावला असता तर बरोबरच होतं. सासूने मॉडेल उचललं, फांदी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाली, "प्लास्टिकनी बादली बी उनमा वाकी जास." मग सुनेने ते हातात घेतलं. "मॅडम, हाई मनंच हाडूक शे का?" मी हो म्हटलं. तिने पदर सोडला आणि मॉडेल आपल्या गालाशी लावून पाहिलं. फिब्युलाचं मॉडेल सासूच्या पायाशी धरून मी दाखवलं की कुठून कुठपर्यंत काढणार आणि वर-खाली किती राहणार. संमतीपत्रावर सही आधीच झाली होती. खरी संमती त्या सकाळी मिळाली.

मॉडेल तिसऱ्यांदा छापलं. या वेळी विद्यार्थी स्वतः पहाटेच्या एसटीने ते मांडीवर घेऊन आले. दारातच सहा अंतरं मोजून पडद्याशी ताडून पाहिली आणि नवी प्लेट त्यानंतर वाकवली. तिचा खर्च आम्ही डॉक्टरांनी वाटून घेतला.

शस्त्रक्रिया

पीएलएचं मॉडेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. १२१ अंशांना ते टिकत नाही, आणि जखमेजवळ नेण्यासारखं ते साहित्यही नव्हे. म्हणून मॉडेल बाहेरच्या टेबलावर पाहण्यापुरतं ठेवलं. आत गेली ती निर्जंतुक केलेली प्लेट आणि दादांनी मॉडेलवर दातांच्या अॅक्रिलिकने बनवलेले दोन छोटे साचे. ते दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात दहा तास बुडवून, नंतर निर्जंतुक पाण्याने नीट धुऊन घेतले होते. एक साचा जबडा कुठे कापायचा आणि स्क्रूची भोकं कुठे पाडायची ते दाखवणार होता, दुसरा फिब्युलाची पाचर किती अंशांची ते.

भोकांचा साचा ही या आखणीतली माझी आवडती गोष्ट. फुगवट्यामुळे गाठ काढण्याआधी प्लेट हाडावर बसूच शकत नव्हती. पण तिची भोकं दोन्ही निरोगी टोकांवर आधीच पाडून ठेवता आली. वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधले, साचा लावून भोकं पाडली, मग गाठीसह हाड काढलं. काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे काढून दोन्ही कडांना निरोगी हाड आहे ना, ते पाहिलं. मग प्लेट त्याच भोकांत बसवली आणि टोकं मूळ जागी परतली.

फिब्युलाची कापाकापी रक्तवाहिनी पायाशी जोडलेली असतानाच केली. एक पाचर, दोन तुकडे, दोन्ही प्लेटला जखडले. रक्तवाहिनी तोडली ती सगळा आकार तयार झाल्यावर, त्यामुळे हाड रक्ताविना राहण्याचा वेळ आटोक्यात राहिला. मानेतल्या धमनी-शिरेला जोड दिल्यावर हाडाच्या कडेतून रक्त झिरपू लागलं, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला. तारा काढून जबडा हलवून पाहिला. दात दातांवर बसत होते.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच स्कॅन सेंटरला फोन करेन : पातळ काप द्या, कच्चा डेटा जपून ठेवा. किरणोत्सर्गही वाचेल आणि तीन आठवडेही.

मोजमाप छपाईच्या जागी एकदा करून भागत नाही. मॉडेल हललं, प्रवासाला गेलं, रात्रभर कुठे राहिलं, की त्याचं माप नव्याने घ्यायला हवं. मी ठोकळा मोजला आणि समाधान मानलं. पण २० मिलीमीटरचा घट्ट ठोकळा उन्हात वाकत नाही, जबड्याच्या लांब बारीक फांद्या वाकतात. ज्यावर भिस्त आहे तीच गोष्ट मोजायची होती. आता आम्ही दोन्ही फांद्यांना जोडणारी एक आडवी दांडी मॉडेलमध्येच छापून घेतो, मार्च ते जून मॉडेल पहाटे किंवा रात्री आणतो आणि छपाईची मापं कागदावर लिहून सोबत मागतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. आम्ही चेहऱ्याचा आणि सांध्याचा विचार केला, दातांचा शेवटी केला. फिब्युलाची उंची जबड्यापेक्षा बरीच कमी असते. चेहऱ्याची रेषा नीट यावी म्हणून आम्ही ती जबड्याच्या खालच्या कडेला बसवली. रेषा छान आली, पण वरच्या दातांपासून ते हाड खोल गेलं. त्यावर दात बसवायचे तर ते लांबलचक होणार आणि चावताना हाडावर जास्त ताण येणार. पडद्यावर प्रतिबिंब बसवत होतो तेव्हाच आधी दातांची जागा ठरवून त्याखाली हाड कुठे हवं हे पाहिलं असतं, तर हाड थोडं वर ठेवता आलं असतं किंवा दोन तुकडे एकावर एक रचण्याचा विचार करता आला असता. यासाठी नवं यंत्र लागत नव्हतं. प्रश्न आधी विचारायला हवा होता.

आणि एक छोटी गोष्ट. खालचा ओठ उजवीकडे कायमचा बधिर राहील हे मी सांगितलं होतं, पण घाईत, यादीतल्या एका वाक्यासारखं. त्या भागातली नस गाठीतूनच जाते, ती वाचवता येत नव्हती. मॉडेलवर तिचा मार्ग रंगवून दाखवला असता तर पहिल्या चहाला ओठ भाजल्यावर ती इतकी घाबरली नसती.

सध्या

हाड जुळलं. पॅथॉलॉजीच्या अहवालात कडा निरोगी आल्या. पायाच्या अंगठ्याला थोडा ताठरपणा आहे, चालण्यात लंगड नाही. तोंड उघडताना जबडा किंचित उजवीकडे जातो. ही गाठ फार उशिराही परतते, म्हणून किमान दहा वर्षं तपासणीला यायचं आहे. ते सासूने लक्षात ठेवलं आहे.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, वेळी घरातले सगळे जमले, तेव्हा तिने रोट खिरीत भिजवून खाल्ला, डाव्या बाजूने. त्यानंतरच्या भेटीला ती पदर खांद्यावर घेऊन आली. उजवीकडे दात कधी, हा तिचा आता एकच प्रश्न आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर खायची आहे. दातांच्या आखणीसाठी पुढच्या भेटीत नवा स्कॅन करायचा ठरलं. सेंटरसाठीच्या चिठ्ठीवर मी स्वतः लिहून दिलं आहे : काप १ मिलीमीटरपेक्षा पातळ, कमान सरळ, कच्चा डेटा पुसण्याआधी आम्हाला कळवावं.